दोन डोळे, एक दृष्टी : भिंगरोपणानंतर उद्भवणारा तिरळेपणा

विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी आरोग्यविषयक एक अभ्यासलेख द्यावा, अशी सूचना संपादक मंडळाने केली, तेव्हा विषय शोधण्यासाठी आम्हांस दूर जावे लागले नाही. या विद्यालयाच्या वसतिगृहात आम्ही वाढलो आणि पुढे नेत्रचिकित्सेच्या क्षेत्रात काम करू लागलो. ज्यांच्या हातची भाकरी खाऊन आम्ही मोठे झालो, त्या भोजनगृहातील मावशींच्या डोळ्यांनीच हा विषय आमच्यापुढे ठेवला. त्यांचे नाव येथे देत नाही. त्यांना ते आवडणार नाही.

मावशींच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. डोळ्यामागे भुलीचे इंजेक्शन देऊन जुने गढूळ भिंग काढले गेले व त्या जागी कृत्रिम भिंग बसविले गेले. पट्टी निघाली, तेव्हा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरील बारीक अक्षरही त्यांना दिसले. सर्वांना आनंद झाला. पुढे काही आठवड्यांनी आम्ही भेटीस गेलो, तेव्हा मावशी हनुवटी वर उचलून बोलत होत्या. वयामुळे लागलेली सवय असावी, असे समजून आम्ही तिकडे दुर्लक्ष केले. पदराचे टोक त्या वारंवार एका डोळ्यावर धरीत, त्याचाही अर्थ आम्ही लावला नाही. वसतिगृहातील लहान मुले मात्र "मावशी डोळा मारतात" म्हणून हसत.

दुसऱ्या भेटीत आम्ही त्यांना चुलीपुढे पाहिले. कढईत पळी घालण्यापूर्वी त्या डाव्या हाताने कढईचा कान चाचपून पाहत होत्या. विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "पोरांनो, कढई एकावर एक अशा दोन दिसतात. खरी कोणती, ते हात लावल्याशिवाय कळत नाही." इतके दिवस का सांगितले नाही, असे विचारता त्या हसल्या. "ऑपरेशन फुकटात झालं, दिसायला लागलं. आता एकाचे दोन दिसतात म्हणून तक्रार कुणाकडं करू? लोक म्हणतील, म्हातारीला मागितलं त्याच्या दुप्पट मिळालं."

हा विनोद ऐकून आम्हांस हसू आले नाही. डोळ्यांचा अभ्यास केलेल्या माणसांसमोर रुग्ण हनुवटी उचलून बसला होता आणि आम्हांस ते दिसले नव्हते. प्रस्तुत लेख त्या चुकीतून जन्मास आला आहे.

दोन डोळे एक चित्र कसे पाहतात?

प्रत्येक नेत्रगोलास सहा स्नायू असतात : चार सरळ व दोन तिरकस. सरळ स्नायू डोळ्यास वर, खाली, नाकाकडे व कानाकडे नेतात. तिरकस स्नायू मुख्यतः डोळ्यास त्याच्या अक्षाभोवती किंचित फिरवितात व वर-खाली पाहण्यास साहाय्य करतात. या सहा स्नायूंचे नियंत्रण तिसऱ्या, चौथ्या व सहाव्या मस्तिष्क चेतांकडे असते. दोन डोळे मिळून हे बारा स्नायू बैलजोडीप्रमाणे एका जुवाखाली चालतात. एक बैल अडला की नांगर वाकडा जातो.

दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिपटलांवर दोन स्वतंत्र प्रतिमा पडतात. मेंदू त्यांचे मीलन करून एकच दृश्य घडवितो. या मीलनासाठी तीन गोष्टी लागतात. पहिली, दोन्ही डोळे एकाच वस्तूवर रोखलेले असावेत. दुसरी, दोन्ही प्रतिमा स्पष्टतेने व आकाराने साधारण सारख्या असाव्यात. तिसरी, मेंदूस मीलनाची सवय असावी. यांपैकी एक जरी ढळली, तरी एका दिव्याचे दोन दिवे दिसू लागतात.

पुष्कळ निरोगी माणसांचे डोळेही विश्रांतीत किंचित बाहेर, आत वा वर-खाली सरकू पाहतात. मेंदूची मीलनशक्ती त्यांना धरून ठेवते, म्हणून त्यांचा तिरळेपणा सुप्त राहतो. ही शक्ती सर्व दिशांना सारखी नसते. डोळे आत वळविण्याचे बळ बरेच असते. परंतु एक डोळा वर व एक खाली असा फरक पडला, तर तो सावरण्याचे बळ फारच थोडे असते. मावशींची कढई एकावर एक दिसत होती, म्हणूनच मेंदूस ती एक करता येत नव्हती.

भिंगरोपणाची वाटचाल

मोतीबिंदू दृष्टीच्या मार्गातून बाजूस सारण्याची क्रिया सुश्रुतसंहितेत वर्णिली आहे. परंतु भिंग काढल्यावर त्याची उणीव भरून काढण्यास शतकानुशतके जाड चष्म्यावाचून उपाय नव्हता. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचसदृश आच्छादनाचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले. डॉ. हॅरॉल्ड रिडले यांच्या निदर्शनास आले की, हे ॲक्रिलिकचे तुकडे डोळ्यात राहूनही डोळा त्यांच्याविरुद्ध बंड करीत नाही. त्यावरून प्रेरणा घेऊन त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात मानवी डोळ्यात पहिले कृत्रिम भिंग बसविले. समव्यावसायिकांचा तीव्र विरोध त्यांनी कित्येक वर्षे सोसला. १९६७ साली अमेरिकेतील डॉ. चार्ल्स केलमन यांनी ध्वनितरंगांनी मोतीबिंदू फोडून बारीक छेदातून शोषून घेण्याची फेको पद्धती आणली. आपल्या देशात १९७६ साली अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला व ही शस्त्रक्रिया खेड्यापाड्यांतील माणसांपर्यंत पोहोचली.

कृत्रिम भिंगाचा एक लाभ सहसा सांगितला जात नाही. एकाच डोळ्याचा मोतीबिंदू काढून त्यापुढे जाड चष्मा दिला, तर त्या डोळ्यातील प्रतिमा दुसऱ्याच्या मानाने सुमारे पाव हिस्सा मोठी दिसते. इतक्या असमान प्रतिमांचे मीलन मेंदू करू शकत नाही. भिंग डोळ्याच्या आत, मूळ जागी बसविले की हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे भिंगरोपण हे दोन डोळ्यांना एकत्र आणणारे साधन आहे. तरीही क्वचित प्रसंगी त्याच शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांची फारकत होते. ती का, हे पाहू.

तिरळेपणा येण्याची कारणे

पहिले कारण भुलीचे. डोळ्यामागे वा डोळ्याभोवती इंजेक्शन देऊन भूल दिली जाते, तेव्हा सुई एखाद्या स्नायूस लागू शकते, किंवा भुलीचे औषध स्नायूच्या तंतूंत शिरून त्यांना इजा करू शकते. डोळ्याच्या खालचा सरळ स्नायू अशा इजेस विशेष बळी पडतो. आरंभी तो दुर्बळ होतो. पुढे काही आठवड्यांत इजा झालेला भाग आखडतो आणि डोळ्यास खाली ओढून धरतो. मावशींचे नेमके हेच झाले होते. त्यांचा उजवा डोळा खाली जखडला होता. खाली पाहताना दोन्ही डोळे जुळत, म्हणून त्या हनुवटी उचलून जगाकडे खालच्या नजरेने पाहत. ती सवय नव्हती. त्यांच्या शरीराने शोधलेला तो उपाय होता. केवळ थेंबांची भूल वापरल्यास हा धोका टळतो. पण प्रत्येक रुग्णास व प्रत्येक मोतीबिंदूस थेंबांची भूल पुरतेच असे नाही.

दुसरे कारण विलंबाचे. एका डोळ्यातील मोतीबिंदू वर्षानुवर्षे पिकत ठेवला, तर त्या डोळ्याचा मीलनातील सहभाग सुटतो व तो हळूहळू बहुधा बाहेर सरकतो. तोपर्यंत दुसरे चित्र अंधूक असल्याने दुहेरी दिसत नाही. शस्त्रक्रियेने तो डोळा स्वच्छ झाला की दुसरे चित्र एकाएकी समोर उभे राहते. बहुतेकांची मीलनशक्ती काही काळाने परत येते. काहींची मात्र येत नाही. म्हणून "मोतीबिंदू पूर्ण पिकू द्या" हा जुना सल्ला आता टाकून द्यावयास हवा.

तिसरे कारण आधीच्या दोषाचे. थायरॉइडच्या विकारात डोळ्यांचे स्नायू जाड व ताठर होतात. चौथ्या चेतेचा जन्मजात दुबळेपणा माणूस मान एका बाजूस कलवून आयुष्यभर झाकतो. लहानपणीचा तिरळेपणा मोठेपणी विसरला जातो. मोतीबिंदूच्या पडद्याआड लपलेले हे दोष पडदा हटताच उघडे पडतात आणि दोष शस्त्रक्रियेवर येतो.

चौथे कारण नंबरांच्या असमतोलाचे. एका डोळ्याचा नंबर शून्यावर आला आणि दुसऱ्याचा मोठाच राहिला, तर चष्म्यातून दोन प्रतिमांचे आकार भिन्न होतात. तद्वतच एक डोळा दूरसाठी व दुसरा जवळसाठी, अशी योजना काही रुग्णांत केली जाते. ती अनेकांना मानवते. पण ज्यांचा तिरळेपणा सुप्त आहे, त्यांची मीलनशक्ती अशा वेळी तुटू शकते.

पाचवे कारण दृष्टिपटलाचे. दृष्टिपटलावर पातळ पापुद्रा येऊन मध्यबिंदू ओढला गेला असेल, तर डोळे सरळ असूनही मधले चित्र जुळत नाही.

चष्मा घालविण्यासाठी बसविलेले भिंग

आता तरुण वाचकांकडे वळतो. मोठा उणे नंबर असलेल्यांच्या डोळ्यात, मूळ भिंग न काढता, परितारिकेच्या मागे व मूळ भिंगाच्या पुढे एक पातळ भिंग बसविण्याची शस्त्रक्रिया आज मोठ्या शहरांत होते. पारपटल पातळ असल्याने ज्यांच्यावर लेसर करता येत नाही, त्यांना ती विशेष उपयोगी पडते. येथेही डोळ्यांच्या जुळणीचा प्रश्न उद्भवतो, आणि तो समजण्यास दहावीच्या प्रकाशशास्त्राचे ज्ञान पुरेसे आहे.

एक मीटर अंतरावर प्रकाशकिरणास एक सेंटिमीटर वळविणाऱ्या लोलकाची शक्ती एक लोलक-डायॉप्टर मानतात. भिंगाच्या मध्यातून पाहिले तर किरण वळत नाही. मध्यापासून दूर पाहिले तर भिंग लोलकासारखे वागते. नियम सोपा आहे : भिंगाची शक्ती डायॉप्टरमध्ये घ्यावी व तिला मध्यापासूनच्या सेंटिमीटरमधील अंतराने गुणावे. उणे ८ नंबरच्या भिंगाचा मध्य बाहुलीपासून अर्धा सेंटिमीटर सरकला असेल, तर ८ गुणिले ०.५ म्हणजे ४ लोलक-डायॉप्टर. दोन्ही डोळ्यांचे मिळून ८.

आमच्याकडे या विद्यालयाचा एक माजी विद्यार्थी आला होता. दोन्ही डोळ्यांना उणे ८ नंबर. लग्नापूर्वी चष्मा जावा, अशी त्याची इच्छा होती. पैसे जमवून, तारीख ठरवून तो केवळ आमचा होकार घ्यावयास आला होता. त्याच्या चष्म्याच्या काचांचे मध्य बाहुल्यांपासून कानाकडे बरेच सरकलेले होते. चष्मा असा चुकीचा बनला, तरी त्याने नकळत एक उपकार केला होता : त्याचे डोळे सुप्तपणे बाहेर सरकणारे होते आणि त्या चुकीतून निर्माण झालेला लोलक त्यांना सावरीत होता. डोळ्यात भिंग बसविल्यावर चष्मा जाणार, आणि त्यासोबत तो आधारही जाणार.

आम्ही त्यास काही दिवस कॉन्टॅक्ट लेन्स वापरून पाहण्यास सांगितले. कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्याबरोबरच फिरत असल्याने चष्म्यातील लोलक त्यात नसतो; शस्त्रक्रियेनंतरची स्थिती तीमुळे बरीचशी आधीच अनुभवता येते. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच परत आला. "सर, सकाळी ठीक असतं. संध्याकाळी रस्त्यावरच्या गाड्यांचे दिवे दोन दोन होतात," असे त्याने सांगितले. तो नाराज झाला. आमच्यावर थोडा रागावलाही. परंतु त्याने तारीख रद्द केली. योग्य मापाच्या लोलकासह नवा चष्मा घेऊन तो आज दुचाकीवरून कामास जातो. शस्त्रक्रियेचा मार्ग त्यास कायमचा बंद झालेला नाही. आपल्या डोळ्यांची खरी स्थिती त्यास ठाऊक झाली आहे, इतकेच.

घरच्या घरी करावयाची परीक्षा

शस्त्रक्रियेनंतर कोणी "दोन दोन दिसते" असे म्हणाले, तर एक साधी परीक्षा करावी. त्याने प्रथम उजवा डोळा तळहाताने झाकावा, मग डावा. कोणताही एक डोळा झाकताच दुसरे चित्र नाहीसे होत असेल, तर दोष दोन डोळ्यांच्या जुळणीत आहे. एक डोळा झाकूनही उघड्या डोळ्यास दोन चित्रे दिसत असतील, तर दोष त्या डोळ्यातच आहे : भिंग जागेवरून सरकलेले असणे, नंबर शिल्लक असणे, डोळा कोरडा असणे किंवा भिंगामागील पडदा गढूळ होणे. दोन्हींचे उपचार सर्वस्वी भिन्न आहेत.

इंजेक्शनच्या भुलीचा अंमल उतरेपर्यंत काही तास दुहेरी दिसणे वा पापणी जड राहणे, यात घाबरण्यासारखे नसते. मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही तसेच राहिले, तर ते डॉक्टरांस सांगितलेच पाहिजे. डोळा दुखणे, लाल होणे वा दृष्टी कमी होणे यांपैकी काही आढळले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आणि शस्त्रक्रियेशी संबंध नसताना अचानक दुहेरी दिसू लागले, त्यासोबत पापणी पडली, बोबडी वळली वा डोके फार दुखले, तर तो मेंदूचा आजार असू शकतो; तेव्हा क्षणाचाही विलंब करू नये.

उपचार

बऱ्याच रुग्णांचे दुहेरी दिसणे काही आठवड्यांत आपोआप कमी होते. तोपर्यंत एका डोळ्यावर पट्टी किंवा चष्म्याच्या एका काचेवर दुधी चिकटपट्टी लावता येते. दुसरी पायरी लोलकाची : प्लॅस्टिकचा पातळ लोलक चष्म्याच्या काचेवर चिकटवून दोन चित्रे जवळ आणतात, आणि माप स्थिर झाल्यावर तो काचेतच घडवून घेतात. डोळ्यांच्या स्थितीचे माप काही महिने स्थिर राहिले व लोलक पुरेनासा झाला, तर आखडलेला स्नायू सैल करून मागे बसविण्याची शस्त्रक्रिया करतात. रुग्ण शुद्धीवर आल्यावर टाक्याचा ताण कमी-जास्त करून डोळे अधिक अचूक जुळविण्याची सोयही त्यात असते.

मावशींना आम्ही तज्ज्ञांकडे नेले. आरंभी लोलक दिला. पुढे स्नायूची शस्त्रक्रिया झाली. आज त्यांना समोर व खाली पाहताना एकच दिसते. वर, फडताळाकडे पाहताना अजूनही दोन डबे दिसतात. हे त्यांना आधीच समजावून सांगितले होते, त्या म्हणाल्या, "कढई एक झाली, बस्स. डबे काय, पोरं काढून देतील." आणि पोरे खरोखरच काढून देतात. डोळा मारण्यावरून हसणाऱ्या मुलांना आम्ही एकत्र बसवून बारा स्नायूंचा पाठ शिकविला. त्यानंतर हसणे थांबले.

शस्त्रक्रियेपूर्वी काय सांगावे व काय विचारावे?

आपल्या घरातील वडीलधाऱ्यांस शिबिरात वा रुग्णालयात नेताना पुढील गोष्टी आपण होऊन सांगाव्यात : लहानपणी तिरळेपणा होता काय, एका डोळ्यावर पट्टी बांधली होती काय, पूर्वी कधी दुहेरी दिसले काय, थायरॉइड वा मधुमेह आहे काय, मान एका बाजूस कलवून पाहण्याची सवय आहे काय. जुना चष्मा सोबत न्यावा. त्यात लोलक आहे की नाही, हे तपासता येते. त्याचप्रमाणे विचारावे : भूल कोणत्या प्रकारची देणार? दुसऱ्या डोळ्याचा नंबर किती राहील, आणि त्याची शस्त्रक्रिया केव्हा? दोन्ही डोळे आळीपाळीने झाकून त्यांची जुळणी तपासली काय? ही तपासणी काही मिनिटांची असते आणि तीस महागडे यंत्र लागत नाही.

समारोप

वाचकहो, हा लेख वाचून कोणी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेस घाबरू नये. ती न केल्याने येणारे आंधळेपण हे तिरळेपणाच्या विरळ संभवाहून कितीतरी मोठे संकट आहे. डोळ्यांची जुळणी बिघडणे हा रुग्णाचा दोष नव्हे. बहुतेक वेळा तो उपचाराने सुधारतो. मात्र तो कोणास तरी सांगावा लागतो.

मावशी तीन महिने गप्प राहिल्या, कारण फुकट मिळालेल्या उपचारास नाव ठेवणे म्हणजे कृतघ्नपणा, असे त्यांना वाटले. शासकीय रुग्णालयात वा शिबिरात मिळणारी सेवा हा आपला हक्क आहे. तिच्यातील उणीव सांगणे हाही त्या हक्काचाच भाग आहे. ज्या विद्यालयाने आम्हांस प्रश्न विचारावयास शिकविले, त्याच विद्यालयाच्या स्वयंपाकघरात एक बाई प्रश्न गिळून बसली होती, आणि आम्ही शिकलेली माणसे तिच्यासमोर चहा घेऊन परतलो होतो. आपल्या घरी, शेजारी कोणी म्हातारे माणूस हनुवटी उचलून, मान कलवून किंवा पदराने एक डोळा झाकून पाहत असेल, तर सवय म्हणून सोडून देऊ नका. जवळ बसा आणि विचारा : "एकच दिसते ना?"